वाचक विचारतात : विमान आपलं, मग इंजिन कुणाचं?

(ओझरच्या विमान कारखान्यातून ३४ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेले एक फिटर या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, आमच्या चौकात निवडणुकीचा फलक लागला होता. पुढाऱ्यांच्या मागे तेजस विमान आणि खाली ‘संपूर्ण स्वदेशी’. दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता म्हणतो, इंजिन अमेरिकेचं आहे, सगळी धूळफेक. खरं कुणाचं मानायचं?
– एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दोघंही अर्धंच सांगतायत.

१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस. नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए त्या दिवशी ओझरच्या आकाशात उडालं. मी गच्चीवर उभा होतो. डोळे भरून आले. तीन आठवड्यांपूर्वीच, २६ सप्टेंबरला, चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं होतं. त्याच मिगवर मी रिव्हेट मारायला शिकलो. पण मिगची ड्रॉइंगं रशियाची. एखादं भोक अर्धा मिलिमीटर सरकवायचं म्हटलं तरी तो अधिकार आपल्याकडे नव्हता. तेजसचं ड्रॉइंग बंगळुरूत आपल्या माणसांनी काढलंय. परक्याच्या ड्रॉइंगवर ज्यांची हयात गेली, त्यांना या गोष्टीची किंमत कळते. तिला धूळफेक म्हणणाऱ्या कार्यकर्त्याचा मला मनापासून राग येतो.

आता फलकाकडे. तेजसचं इंजिन एफ-४०४, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला, मार्च २०२४ पासून ती हवाई दलाला मिळायची होती. त्यांच्यासाठी मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, मंजूर आहेत. मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. मग ‘संपूर्ण’ हा शब्द लिहायचा कशाच्या जोरावर?

परकं इंजिन वापरण्यात कमीपणा नाही. स्वीडनचं ग्रिपेनसुद्धा याच अमेरिकी घराण्यातल्या इंजिनावर उडतं. कमीपणा आहे तो स्वतःच्या इंजिनाला वेळ आणि पैसा न देण्यात. टर्बाइनच्या पात्यांवर येणारा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही जास्त तापलेला असतो. पातं वितळू नये म्हणून त्यात बारीक भोकं ठेवून थंड हवा खेळवतात आणि आख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात. ही विद्या कुणी विकत नाही. तेजससाठी आखलेल्या आपल्या कावेरी इंजिनाचं काम ऐंशीच्या दशकात सुरू झालं आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं. मधल्या काळात किती पक्षांची सरकारं आली नि गेली ते मोजा, म्हणजे एकाच पक्षाला दोष देता येणार नाही. इंजिनाला पंचवीस वर्षं लागतात, पुढाऱ्याला पाच वर्षांत फलक लावायचा असतो.

यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले, पुढच्या वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि १९६४ मध्ये ओझरला कारखाना आला. माझ्यासारख्या हजारोंच्या घरी चूल पेटली ती त्यामुळे. तेव्हासुद्धा मिगचं इंजिन ओडिशातल्या कोरापुटला बनायचं, तेही रशियाच्याच परवान्यावर. म्हणजे हा प्रश्न साठ वर्षांचा आहे. उमेदवार दारात आला तर त्याला एवढंच विचारा : इंजिनाच्या संशोधनाला यंदा किती पैसे दिले आणि तुम्ही संसदेत त्यावर कधी बोललात?

प्रश्न : शेजारी देश टपून बसलेला असताना असे प्रश्न विचारणं म्हणजे सैन्याचं खच्चीकरण नाही का?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : नाही, बाई. शिफ्ट संपली की आम्ही प्रत्येक हत्यार मोजून जमा करायचो. एक पाना कमी भरला तरी विमान जागचं हलत नसे, सगळे मिळून शोधायचो. पाना कुठे गेला असं विचारणाऱ्याला कुणी देशद्रोही म्हटलं नाही. वैमानिकाचा जीव त्या प्रश्नावरच टिकून असतो.

प्रश्न : काका, मी सातपूरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला आहे. युक्रेननं १ जून २०२५ ला ट्रकमधून ११७ ड्रोन सोडून रशियाची बॉम्बफेकी विमानं जाळली. मित्र म्हणतात, विमानांचे दिवस संपले, ड्रोनचा कोर्स कर. काय करू?
– एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : बाळा, कोर्स जरूर कर, पण विमानांचे दिवस संपले हे मला पटत नाही. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्ताननं एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असं आपल्या सरकारनं सांगितलं. ते पाडण्यात एल-७० या विमानविरोधी तोफांचा मोठा वाटा होता. या तोफा जुन्या, साठच्या दशकात आपल्याकडे आलेल्या. त्यांना नवे कॅमेरे आणि सेन्सर बसवले होते. शंभर-दोनशे रुपयांच्या पतंगावर लाखाचा दगड मारत बसलं तर घर बुडतं, म्हणून स्वस्त ड्रोनला स्वस्त गोळाच लागतो. जुनी तोफ नीट ठेवणारे फिटर नसते तर त्या रात्री कुणाच्या भरवशावर राहायचं होतं?

मला काळजी वेगळीच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ४०० ड्रोनच्या ऑर्डरी रद्द केल्याच्या बातम्या आल्या. कारण काय, तर आत चिनी भाग. ड्रोनची मोटर दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकावर फिरते. त्या चुंबकांवर चीनची जवळपास मक्तेदारी आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यानं निर्यातीवर नियंत्रणं घातली. तेजसच्या इंजिनाचंच दुखणं इथे छोट्या आकारात आहे. वर तिरंगा रंगवून ते बरं होणार नाही.

म्हणून फिटर ट्रेड सोडू नकोस. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन आता दिसतात. त्यातली एखादी जळालेली मोटर मागून घे आणि उघड. वेढे मोज, बेअरिंगवर कुठलं नाव आहे ते वाच, चुंबक कसे चिकटवलेत ते बघ. त्यातला कुठला भाग सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये बनू शकेल आणि कुठला नाही, याची यादी करून मला पाठव. पुढच्या अंकात ती छापू.