लातूरची गाडी पहिल्या पानावर आण

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पाणीटंचाईवरचा तुझा इंग्रजी लेख मिळाला. एकदा सरळ वाचला, मग पेन्सिल हातात घेऊन पुन्हा वाचला. व्याकरणाच्या चुका किती आहेत, असं तू विचारलंयस. आहेत, पण त्यांची काळजी सध्या नको. व्याकरण हल्ली फोनसुद्धा दुरुस्त करून देतो. लेख हवा म्हटलं तर अख्खा लेखही देईल, फक्त तो कुणालाही दिला असता असा असेल. काय आधी सांगायचं आणि काय मागे ठेवायचं, हे तुझं तुलाच ठरवावं लागतं. म्हणून आज लिहितोय ते एवढ्या एकाच गोष्टीबद्दल.

'वॉटर इज लाइफ' या वाक्यानं तू सुरुवात केलीस. मग पृथ्वीवर पाणी किती, त्यातलं गोडं किती, संस्कृती नदीकाठी कशा वाढल्या, भारत कृषिप्रधान देश कसा आहे, असं करत दुसऱ्या पानाच्या तळाशी मराठवाडा उगवतो. आणि तिसऱ्या पानावर, एका लांबलचक परिच्छेदाच्या मधोमध, तू सहज सांगून जातेस की 2016 च्या उन्हाळ्यात तुझ्या शहरात रेल्वेनं पाणी आलं. माझी पेन्सिल तिथे थांबली. त्याच्या आधीची दोन पानं चेन्नईतल्या, नागपुरातल्या किंवा नैरोबीतल्या कुठल्याही विद्यार्थ्यानं लिहिली असती. त्यानंतरचं फक्त लातूरच्या मुलीनं लिहावं असं आहे.

असं का होतं, ते उघड आहे. प्रस्तावना, तीन मुद्दे, उपसंहार हा साचा शाळेपासून हातात बसलेला असतो. परीक्षेत तो चालतो, कारण पेपर तपासणारा शेवटपर्यंत वाचायला बांधलेला असतो. लेखाचा वाचक कुणाचाही बांधील नसतो. पहिल्या चार ओळींत त्याला काही मिळालं नाही, तर तो तुझा निरोप न घेता निघून जातो.

तेव्हा पहिलं काम लेखाचं नाही, एका वाक्याचं आहे. सगळा लेख वाचून झाल्यावर वाचकानं शेजारच्याला काय सांगावं? ते वाक्य लिही. मराठीत लिही, इंग्रजीची घाई नको. 'पाणीटंचाई ही गंभीर समस्या आहे' हे चालणार नाही, कारण त्याला नाही म्हणणारा माणूस सापडणार नाही. ज्याच्यावर एखादा तरी 'असं कसं?' म्हणेल, असं वाक्य हवं.

तुझ्याच सामग्रीतून ते निघतं का, ते मी पाहिलं. मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची गाडी 12 एप्रिल 2016 ला लातूरला पोचली, 10 वाघिणी (म्हणजे रेल्वेचे टाकीचे डबे), सुमारे 5 लाख लिटर पाणी, असं तू लिहिलंयस आणि पुढे निघून गेलीस. इथे थांबायला हवं होतं. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती. भागाकार कर. माणशी सव्वा लिटरहून थोडं जास्त येतं. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून आलेली, देशभरातल्या वाहिन्यांनी दाखवलेली ती गाडी प्रत्येकाच्या वाट्याला दीड लिटरसुद्धा देत नव्हती. पुढे 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, 25 लाख लिटरची. तरी माणशी साडेसहा लिटर, अर्धी बादलीही नाही. मग तुझं वाक्य असं होऊ शकतं: रेल्वेगाडी गाजली, पण शहर जगलं ते टँकर आणि बोअरच्या पाण्यावर. हे वाचून कुणीतरी भुवया उंचावेल. त्या गाडीनं लोकांना धीर दिला, बाकीच्या देशाचं लक्ष वेधलं, असंही कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. त्याला लेखात जागा दे. पण वाद घालण्याजोगं काहीतरी आता टेबलावर आलं आहे. तुला यापेक्षा वेगळं वाक्य सुचलं तर ते घे, माझं वाक्य वापरलंच पाहिजे असं नाही.

आता मांडणी. लोक मांडणी म्हणजे मुद्द्यांची यादी समजतात. माझ्या मते मांडणी म्हणजे वाचकाच्या मनात उठणाऱ्या प्रश्नांचा क्रम. एक परिच्छेद संपला की वाचकाच्या डोक्यात एक प्रश्न उभा राहतो, पुढच्या परिच्छेदानं त्याच प्रश्नाला हात घालायचा. गाडीचं पाणी माणशी सव्वा लिटर, हे वाचल्यावर तो विचारणार: मग लोक पीत काय होते? इथे तुझी आई रात्री दोन वाजता टँकरच्या रांगेत उभी राहायची, तो प्रसंग येऊ दे. तो तू पाचव्या पानावर 'सामाजिक परिणाम' या मथळ्याखाली पुरून ठेवलायस. पाण्याच्या टाक्यांभोवती त्या मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली होती, तेही त्या रांगेला लागूनच सांग. रांग पाहिल्यावर जमावबंदी का लागली, हे वेगळं समजवावं लागत नाही. मग प्रश्न येतो: एवढ्या मोठ्या शहराला पाणी देणारं धरण गेलं कुठे? मांजरा कोरडं पडलं होतं. का? 2014 आणि 2015, लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला. फक्त पावसामुळे? इथे उसाचा विषय निघतो, आणि इथेच निघाला पाहिजे. तुझ्या लेखात ऊस पहिल्याच पानावर येतो, तेव्हा वाचकाला अजून धरणही माहीत नसतं, त्यामुळे तो मुद्दा नुसता आरोप वाटतो. शेवटी एक प्रश्न उरतो: 2016 चा पावसाळा चांगला झाला, मग विषय मिटला का? त्याचं उत्तर तुला आजच्या लातुरात राहून द्यायचं आहे, पुस्तकातून नाही.

बघ, यात एकही मुद्दा नवा नाही. सगळे तुझेच आहेत, फक्त जागा बदलल्या.

या बाबतीत तुला एक नमुना वाचायला सांगतो, आणि तो आपल्याच माणसाचा आहे. 9 मे 1916 ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. तेव्हा ते 25 वर्षांचे विद्यार्थी होते. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. आशयासाठी तो सगळेच वाचतात, तू एकदा नुसत्या बांधणीसाठी वाच. शीर्षकातच क्रम सांगितलाय: जातीची यंत्रणा, तिचा उगम आणि तिचा विस्तार. लक्षात घे, उगम दुसऱ्या क्रमांकावर आहे. तू किंवा मी लिहिलं असतं तर 'प्राचीन काळी' म्हणून उगमापासून सुरुवात केली असती. ते तसं करत नाहीत. एखादी गोष्ट नेमकी काय आहे हे ठरल्याशिवाय ती कुठून आली हे शोधणार कसं?

म्हणून ते आधी व्याख्या घेतात. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर, अशा जातींवर लिहिणाऱ्या चार अभ्यासकांच्या. यातले केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून आपल्याला माहीत असलेले श्रीधर व्यंकटेश केतकर. एका मराठी माणसाच्या इंग्रजी ग्रंथाशी दुसरा मराठी माणूस अमेरिकेत इंग्रजीत वाद घालतोय, हे मला नेहमी मजेशीर वाटतं. आंबेडकर केतकरांना मान देतात आणि मग एक दुरुस्ती सुचवतात. जातीची दोन लक्षणं म्हणून केतकरांनी जे सांगितलं, म्हणजे जन्मानं मिळणारं सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, ती दोन वेगळी लक्षणं नाहीतच. दुसरं पाळलं की पहिलं आपोआप घडतं. तर मग गाभा एकच उरला: जातीतच लग्न. लगेच पुढचा प्रश्न: एवढ्या कडक बंदीची अंमलबजावणी होते कशी? गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळली पाहिजे, आणि नवरा किंवा बायको आधी मेली की ती बिघडते. या हिशोबातून ते सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथांपर्यंत पोचतात. मग, हे सुरू कुणी केलं? मग, इतरांपर्यंत पसरलं कसं? प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या गरजेतून येते. मधला एक परिच्छेद काढून बघ, पुढचा अधांतरी लटकतो. तुझ्या लेखातले दुसऱ्या पानावरचे परिच्छेद मी उलटसुलट लावून पाहिले, काहीच बिघडलं नाही. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

तरी आंबेडकरांच्या निबंधाची सुरुवात मात्र तू उचलू नकोस. प्रदर्शनांतल्या वस्तूंचा दाखला देऊन ते जरा सावकाश विषयावर येतात. समोर श्रोते खुर्चीत बसलेले होते, तिथे ते शोभतं. तुझ्या वाचकाला खुर्ची नाही.

वाचकाबद्दल आणखी एक. तू इंग्रजीत लिहितेस म्हणजे वाचणारा कोचीचा असेल, गुवाहाटीचा असेल किंवा बाहेरच्या देशातला. त्याला मांजरा ही नदी की धरण की गाव, काही कळणार नाही. धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे आणि लातूर शहर त्याच्यावर अवलंबून होतं, एवढं मांजराचं नाव पहिल्यांदा येतं तिथेच अर्ध्या वाक्यात सांगून टाक. वेगळा परिच्छेद नको. मराठीत लिहिताना हे अर्धं वाक्य लागत नाही, म्हणून इंग्रजीत लिहितानाही ते सुचत नाही.

आता वाक्यं. इथे मराठी माणसाची एक खास अडचण असते. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कर्त्यावर कितीही विशेषणं लादली तरी आपल्याला ओझं वाटत नाही. इंग्रजी वाचक मात्र कर्ता दिसला की क्रियापदाची वाट बघायला लागतो. तुझं वाक्य आहे: 'द पीपल हू वेअर स्टँडिंग इन द लाइन सिन्स मिडनाइट फॉर द टँकर व्हिच वॉज टू कम इन द मॉर्निंग बिकेम अँग्री.' लोक चिडले, हे कळेपर्यंत तो वाचक मध्यरात्रीपासून रांगेत उभाच आहे. तोड ते. लोक मध्यरात्रीपासून उभे होते. टँकर सकाळी येणार होता. तो आला नाही तेव्हा ते चिडले. तीन साधी वाक्यं इंग्रजीत लिही, आणि 'टँकर आलाच नाही' ही मूळ वाक्यात राहून गेलेली बातमीही आपोआप बाहेर येईल.

'मोरओव्हर', 'फरदरमोर' असे शब्द मी मोजले नाहीत, पण जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी आहेत. क्रम बरोबर असेल तर ते लागत नाहीत, आणि क्रम चुकला असेल तर त्यांनी भागत नाही. सरसकट खोड. 'बट' आणि 'सो' राहू देत, त्यांना काम असतं.

'अ' आणि 'द' बद्दल तू फार घाबरलेली दिसतेस. पूर्ण लेख झाल्यावर त्यांच्यासाठी एक वेगळी फेरी मार. वाचकाला ती वस्तू आधी भेटलीय का, एवढंच स्वतःला विचारत जा. टँकर पहिल्यांदा येतो तेव्हा 'अ', दुसऱ्यांदा तोच टँकर येतो तेव्हा 'द'. सगळे नियम यात बसत नाहीत, पण तुझ्या निम्म्याहून अधिक चुका निघतील.

पुन्हा लिहून झालं की एक कर. कोऱ्या कागदावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य उतरवून काढ, आणि तो कागद घरात कुणालातरी वाचून दाखव. इंग्रजी येत नसेल तर मराठीत सांग. तेवढ्यावरून त्यांना गोष्ट कळली तर लेख उभा आहे. कुठे 'मध्येच हे काय?' असं विचारलं, तर तो परिच्छेद चुकीच्या जागी आहे किंवा मुळात नको आहे. तुझ्या आईला दाखवलंस तर उत्तम. त्या रांगेची तारीख-वार तिला तुझ्याहून जास्त आठवत असेल, ते लिहूनही घे.

शेवटच्या परिच्छेदातलं 'सेव्ह वॉटर, सेव्ह लाइफ' काढून टाक. मध्यरात्रीपासून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला पाणी वाचवायला सांगणं मला तरी बरं वाटलं नाही. आजच्या लातुरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं, ते तुझ्या गल्लीपुरतं लिही आणि थांब.

सहा पानांची साडेतीन होतील, होऊ देत. आधी ते एक मराठी वाक्य आणि परिच्छेदांच्या पहिल्या वाक्यांचा कागद एवढंच पाठव, लेख नंतर. या आठवड्यात माझ्याकडे बारावीचे गठ्ठे आहेत, रविवारनंतर पोचेल असं बघ. आईला नमस्कार सांग.

तुझे,
सर