एका दिवसात मेट्रोची सगळी स्टेशनं करायची आहेत. मार्ग कसा आखू? त्यासाठी एखादं ॲप आहे का?

ॲपचं शेवटी सांगतो. आधी तुमच्या प्रश्नातलं 'करायची आहेत' हे जे क्रियापद आहे ना, त्याच्यावरूनच माझं आणि माझ्या मेहुण्याचं गेली चार वर्षं वाजलेलं आहे.

स्टेशन 'केलं' म्हणजे नेमकं काय केलं? उतरून फलाटाला पाय लावला? गाडी थांबली, दार उघडलं, तेवढं पुरे? की गाडी न थांबता सुसाट गेली तरी चालेल? न्यूयॉर्कच्या सबवेवर हा उद्योग करणाऱ्यांनी १९६०च्या दशकातच याचे तीन वर्ग पाडून ठेवलेत. एकात सगळ्या मार्गांवरून जायचं, दुसऱ्यात प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबली पाहिजे, तिसऱ्यात स्टेशनातून नुसतं गेलं तरी भागतं. लंडनवाले दुसऱ्या वर्गाच्या जवळचे. गाडी थांबली पाहिजे, तुम्ही उतरायलाच हवं असं नाही. आणि एका स्टेशनावरून दुसऱ्याकडे चालत किंवा सार्वजनिक बसनं गेलात तरी चालतं. टॅक्सी, खाजगी गाडी, सायकल चालत नाही. हे 'चालत गेलात तरी चालतं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सॉफ्टवेअरमध्ये आहे. हुशार आहे, नाही म्हणत नाही. एकदा जेवताना मी सहज म्हटलं की आपलं अख्खं जाळं एका दिवसात करून टाकावं. माझी कल्पना, हे नोंदवून ठेवतो. तो म्हणाला, "भाओजी, हे तर ग्राफ थिअरीचं, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं गणित आहे, रात्रीत सोडवतो." आणि खरंच रात्रीत प्रोग्रॅम लिहून मोकळा झाला. मी तोवर नकाशा, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसलो होतो.

आमचं जाळं लहान आहे, नव्वदच्या थोडी वर स्टेशनं. लाल आणि निळी लाईन सरळसोट. हिरवीला एका बाजूला फाटा फुटतो, म्हणजे तिला तीन टोकं. पिवळी आखूड, तिचं एक टोक निळीच्या मधल्याच एका स्टेशनात येऊन संपतं. तुमचं जाळं मोठं असेल (लंडनला २७२ स्टेशनं आहेत, न्यूयॉर्कला अधिकृत मोजणीनं ४७२), तरी कामाची सुरुवात एकच: टोकं मोजा. मधली स्टेशनं जाता-येता होऊन जातात, वेळ खातात ती टोकं. प्रत्येक टोकाला जायचं आणि त्याच रुळांवरून, तीच स्टेशनं पुन्हा बघत परत यायचं. यातून दोनच टोकं सुटतात, जिथून सुरुवात करता ते आणि जिथे संपवता ते. म्हणून सर्वांत लांबची, सर्वांत कमी गाड्यांची दोन टोकं निवडा, एकावर सुरू करा, दुसऱ्यावर संपवा. घराजवळच्या स्टेशनावरून सुरू करणाऱ्याला मी मूर्ख म्हणतो, आणि नव्वद टक्के लोक तेच करतात. (टक्केवारी माझ्या मनातली आहे.)

आमची अशी टोकं आठ. मेहुण्यानं मला ऑयलर हा गणितज्ञ ऐकवला. १७३६ सालचं ते क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचं कोडं: सगळे पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का? ऑयलरनं दाखवलं की नाही येत. ज्या जागेला विषम संख्येनं वाटा फुटतात अशा जागा फार तर दोन असल्या तरच ते जमतं, आणि तिथे तर पुलांनी जोडलेल्या चारही जागा विषम. आमच्याकडे आठ टोकं, नववा हिरवीचा फाटा, दहावं पिवळी निळीला मिळते ते स्टेशन. दहा विषम जागा. दोन सुरुवात-शेवटासाठी सोडल्या की उरल्या आठ, त्यांच्या चार जोड्या लावायच्या, आणि प्रत्येक जोडीमधला रस्ता दुसऱ्यांदा तुडवायचा. कुठल्या जोड्या लावल्या तर दुसऱ्यांदा तुडवायचं अंतर सर्वांत कमी पडेल, हा ग्वान मेगू या चिनी गणितज्ञानं १९६०च्या सुमारास मांडलेला पोस्टमनचा प्रश्न: त्याला प्रत्येक रस्ता करायचाच असतो, तो कमीत कमी चालून कसा करायचा. संगणक तो चुटकीसरशी सोडवतो. इथपर्यंत मेहुणा शंभर टक्के बरोबर होता, आणि खरं सांगायचं तर ही जोड्या लावायची युक्ती मी त्याच्याकडूनच शिकलो.

पण जोडीमधला रस्ता मेट्रोचाच असला पाहिजे असं कुणी सांगितलं?

मेट्रोचा नकाशा अंतराच्या बाबतीत साफ खोटं बोलतो. १९३३ साली लंडनला हॅरी बेकचा नकाशा आला तेव्हापासून जगभर बहुतेक ठिकाणी तसेच काढतात, सरळ रेघा, ठरावीक कोन, स्टेशनं सारख्या अंतरावर. कुठून कुठे बदलायचं ते पटकन कळावं म्हणून तो तसा असतो, आणि त्या कामासाठी तो उत्तमच आहे. पण लंडनचीच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही जोडी बघा, मधे जेमतेम पाव किलोमीटर, नकाशावर मात्र चांगलं ऐसपैस अंतर. आमच्या नकाशावर लालचं वरचं टोक आणि हिरवीच्या डाव्या फाट्याचं टोक यांच्यामध्ये चार बोटं जागा आणि कोपऱ्यातली जाहिरात. मी रस्त्यांच्या नकाशात पाहिलं, मग एका सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष चालून आलो. बावीस मिनिटं. मेट्रोनं तेच जायचं तर आत मध्यापर्यंत येऊन, गाडी बदलून, परत बाहेर, सव्वा तासाच्या वर. एका झटक्यात पन्नास मिनिटं वाचत होती.

मेहुणा म्हणाला, "चालणं म्हणजे चीटिंग. मेट्रो करायची तर मेट्रोतच राहायचं."

मी लंडनचे नियम दाखवले. तो म्हणाला, ते लंडनला. बायको म्हणाली, तुम्ही मोठे आहात, तुम्ही ऐका. मी ऐकलं.

दुसरा मुद्दा गाडी बदलण्याचा. त्याच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक इंटरचेंजला सरसकट चार मिनिटं धरली होती. आमच्या लाल-हिरवीच्या इंटरचेंजला मी एका कामाच्या दिवशी घड्याळ लावून चाललो होतो: नऊ मिनिटं. लालच्या फलाटावरून दोन मजले खाली, मग तो लांबलचक बोगद्यासारखा रस्ता, जो मधे काटकोनात वळतो आणि वळणावर समोरून येणारी गर्दी अंगावर येते, मग परत एक मजला वर. गाडीच्या तिसऱ्या डब्याच्या दुसऱ्या दाराशी उभं राहिलं तर उतरल्याबरोबर समोर सरकता जिना. शेवटच्या डब्यात बसलात तर फलाट ओलांडायलाच दीड मिनिट. हे सगळं मी वहीत लिहून त्याला दिलं. "सरासरीत चारच पडतात, भाओजी." सरासरीनं कुणी गाडी पकडत नाही हो.

प्रत्यक्ष दिवशी पहाटे ५:५८ची पहिली गाडी, निळीच्या टोकावरून. दुपारपर्यंत मस्त गेलं. माझ्याकडे वही, प्रत्येक स्टेशनाचं नाव आणि दार उघडल्याची वेळ. त्याच्याकडे फोन, फोनमध्ये हिरवे टिकमार्क. पिवळी तर आम्ही ठरल्यापेक्षा आठ मिनिटं आधी संपवली आणि तो माझ्याकडे बघून हसला. एक सूचना इथेच देऊन टाकतो: बऱ्याच ठिकाणी एका तिकिटावर आत किती वेळ राहायचं याला मर्यादा असते. ती आधी बघून ठेवा आणि त्याआधी एकदा बाहेर पडून परत आत या, नाहीतर गेटवर दंड. हा बाहेर पडायचा वेळही हिशोबात धरा, आणि स्वच्छतागृहाला तेव्हाच जाऊन या.

संध्याकाळी साडेसहाला लाल-हिरवीचं इंटरचेंज आलं. आम्ही शेवटच्या डब्यात, कारण तिथे बसायला मिळालं होतं. दोनपैकी एक सरकता जिना दुरुस्तीसाठी बंद, पत्रे लावलेले, आणि दुसऱ्यासमोर ही रांग. वळणावर तर माणसं बाजूबाजूनं पावलं घासत चाललेली. हिरवीच्या फलाटावर पोचलो तेव्हा गाडीचे लाल दिवे बोगद्यात शिरताना दिसले. बदलायला अकरा मिनिटं लागली होती. आता फाट्याची गंमत अशी की गाड्या आळीपाळीनं जातात, एक डाव्या फाट्याला, पुढची उजव्या. दर आठ मिनिटांनी गाडी असली तरी तुमच्या फाट्याची गाडी सोळा मिनिटांनी. एक हुकली की दुप्पट भोगायचं. त्याच्या प्रोग्रॅमला हे ठाऊक नव्हतं, त्यानं दर आठ मिनिटांनी गाडी एवढंच भरलं होतं. ती उशिराची गाडी पुढच्या बदलाला आणखी एक गाडी घेऊन गेली. असं करत करत रात्री सव्वाअकराला आम्ही उजव्या फाट्याच्या शेवटच्या गाडीत चढलो, आणि ती शेवटच्या गाडीसारखीच वागली: शेवटून दुसऱ्या स्टेशनला डेपो आहे, तिथेच थांबली. सगळ्यांना उतरवलं. दिवे बंद.

ते स्टेशन उंचावर आहे. फलाटाच्या पुढच्या कठड्याशी जाऊन उभं राहिलं की रूळ वळून जाताना दिसतात, आणि वळणापलीकडे आमचं शेवटचं, एकुलतं एक राहिलेलं स्टेशन. त्याचं छप्पर, त्याचे पांढरे दिवे, अगदी फलाटावरचं घड्याळही, आकडे तेवढे वाचता येत नव्हते. मेहुणा कठड्याला टेकला, फोन काढला, आणि म्हणाला, "दिसतंय ना? झालं." आणि टिकमार्क केला.

मी म्हटलं, रस्त्यानं पंधरा मिनिटं आहे, चालत जाऊ, निदान दाराला हात लावून येऊ. तो म्हणाला, "चालणं मोजत नाही, आपलं ठरलंय." चालणं मोजत नाही आणि बघणं मोजतं! तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, हा गृहस्थ सांगत असतो, 'मी आणि भाओजींनी एका दिवसात सगळी मेट्रो केली.' मी दर वेळी म्हणतो, एक राहिलंय. सगळे हसतात. माझ्या वहीत त्या नावापुढची जागा कोरी आहे, आणि ती पेन्सिलीनं भरायला मला कुणी लावू शकत नाही.

त्यानं मला पीटर सॅमसनचंही उदाहरण दिलं होतं. १९६७ साली एमआयटीच्या या माणसानं पीडीपी-६ संगणकाकडून न्यूयॉर्कचा मार्ग काढून घेतला होता. उदाहरण खरं आहे. पण तेव्हा प्रवास कुठवर आला ते फोननं संगणकाजवळच्या माणसांपर्यंत पोचवायची सोय केलेली होती, उशीर झाला तर पुढचं नव्यानं काढता यावं म्हणून. आमचा प्रोग्रॅम आदल्या रात्री एकदा चालला आणि नंतर कुणी त्याला काही विचारलं नाही.

आता न्यायानं सांगायचं तर, त्या रात्री चालत जाऊन दाराला हात लावला असता तरी लंडनच्या हिशोबानं ते स्टेशन धरलं गेलं नसतं. तिथे गाडीनं पोचावं लागतं किंवा तिथून गाडी धरावी लागते. हे मला नंतर वाचून कळलं, मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही. आणि दुपारी तीनच्या सुमाराला एक गाडी माझ्यामुळेही हुकली होती. वहीतलं एक नाव खाडाखोड होऊन वाचता येईना, म्हणून मी फलाटावरची पाटी बघायला दोन पावलं मागे गेलो आणि दार बंद झालं. सहा मिनिटं गेली. तो हे सांगताना वीस म्हणतो.

तर तुमचं. टोकं मोजा, महागडी दोन सुरुवात-शेवटाला ठेवा, उरलेल्यांपैकी कुठली दोन चालत किंवा बसनं जोडता येतात ते खऱ्या नकाशात बघा आणि एकदा चालून या. फाट्याच्या गाड्यांचं वेळापत्रक वेगळं लिहा. ज्या फाट्यावर गाड्या कमी तो गर्दी सुरू व्हायच्या आत उरका. शेवटची गाडी टोकापर्यंत जाते की डेपोपर्यंत, हे स्टेशनावरच्या माणसाला विचारा. एक बारीक सवलतही आहे: तुम्हाला स्टेशनं करायची आहेत, सगळे रूळ नाहीत. जाळ्यात कुठे गोल फेरा असेल तर त्यातला दोन शेजारच्या स्टेशनांमधला एक तुकडा सोडून देता येतो. पोस्टमनला ही सूट नसते, मेहुण्याच्या प्रोग्रॅमलाही ती माहीत नव्हती.

ॲप म्हणाल तर एका ठिकाणाहून दुसरीकडे कसं जायचं ते सांगणारी ढीगभर आहेत, आणि दोन गाड्यांमधला वेळ बघायला ती चांगलीच. पूर्ण जाळ्याचा मार्ग हवा असेल तर प्रोग्रॅम लिहून घ्या, मेहुणा लिहून देईल. फक्त गाडी बदलायचे आकडे तुमच्या पायांनी मोजलेले भरा. आणि सोबत कुणाला नेणार असाल तर चालणं धरायचं की नाही हे आदल्या दिवशी लेखी ठरवा, खाली दोघांच्या सह्या.