वाचक विचारतात : ब्रँडोचा ‘वन-आइड जॅक्स’ मंडळात दाखवावा का?

प्रश्न : मार्लन ब्रँडोने दिग्दर्शित केलेला ‘वन-आइड जॅक्स’ (1961) हा वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, आमच्या चित्रपट मंडळात दाखवायचा विचार आहे. नटाने हौसेपायी लांबवलेला चित्रपट, असं काही सभासदांचं मत आहे. शिवाय इंटरनेटवर मिळालेली कॉपी फारच विटकी आहे. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जरूर दाखवा, फक्त ती कॉपी नको.

आधी आक्षेपाचं पाहू. आधीचा दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक चित्रीकरणाआधीच बाहेर पडला आणि दिग्दर्शन ब्रँडोकडे आलं. खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले, हे खरं. पण आज दिसतात ते 141 मिनिटं स्टुडिओने कापून उरलेले आहेत. ब्रँडोने स्वतः केलेली जुळणी (संकलन) याहून कितीतरी लांब होती. त्याच्या शेवटात नायिका लुइझा मरत होती, स्टुडिओने वेगळा शेवट चित्रित करून घेतला. उत्तरार्ध घाईत उरकल्यासारखा वाटतो, त्याचं बरंचसं कारण इथे आहे.

दिग्दर्शक म्हणून त्याची खरी ताकद दोन माणसं समोरासमोर येतात तिथे दिसते. डॅड (कार्ल माल्डन) आपल्या दरोडेखोर साथीदाराला, रिओला (ब्रँडो), मेक्सिकोत टाकून सोनं घेऊन पळालेला. पाच वर्षं तुरुंगात काढून रिओ कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला येतो, तेव्हा डॅड तिथला शेरीफ. घराच्या ओसरीवर दोघं गप्पा मारतात आणि दोघंही धडधडीत खोटं बोलतात. बंदूक कुणीच उचलत नाही, तरी पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. नटांना इतका वेळ देण्याचं धाडस नटच करू जाणे! वाळवंटाऐवजी मागे उसळता समुद्र, हेही वेस्टर्नमध्ये विरळाच. चार्ल्स लँगच्या छायालेखनाला ऑस्करचं नामांकन होतं.

म्हणूनच कॉपी महत्त्वाची. अमेरिकेत हक्कांचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे कुणीही प्रती काढू शकत होतं आणि कॉपीवरून कॉपी निघत गेल्या. रंग उडाले, बाजू कापल्या गेल्या. मूळ चित्रण व्हिस्टाव्हिजनमधलं. त्यात 35 मिमी फिल्म आडवी धावते आणि एका चौकटीला फिल्मच्या कडेची चारऐवजी आठ छिद्रं लागतात. निगेटिव्ह दुपटीहून मोठी, म्हणून लाटेचा फेससुद्धा स्पष्ट दिसायला हवा. 2016 साली युनिव्हर्सल स्टुडिओ आणि जुने चित्रपट जतन करणाऱ्या फिल्म फाउंडेशनने केलेली पुनर्स्थापित आवृत्तीच मागवा. मात्र डिस्क घरगुती वापरासाठी असते. मंडळातल्या खेळाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

कॉपी तपासायची सोपी रीत : पडद्यावर चित्र 6 फूट रुंद केलंत, तर उंची साधारण 3 फूट 3 इंच भरली पाहिजे. साडेचार फूट भरली, तर चौकट छाटलेली किंवा उभी ताणलेली आहे. प्रोजेक्टर चित्र ताणत नाही ना, तेही बघा. चेहरे लांबट दिसले की सेटिंग चुकलंय.

मध्यंतर चाबकाच्या प्रसंगाआधी नको. डॅड रिओचा उजवा हात ठेचतो आणि रिओची टोळी त्याला घेऊन कोळ्यांच्या वस्तीकडे निघते, तिथे थांबा.