शिक्षकांचे प्रश्न : नोंदवही भरली, पण मूल कुठे अडलंय ते कळलं का?

प्रश्न : मी हडपसरच्या एका शाळेत पाचवीला शिकवते, वर्गात ४६ मुलं आहेत. सत्र संपत आलं की वर्णनात्मक नोंदी लिहायला बसतो, आणि खरं सांगायचं तर पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात त्यातूनच उतरवतो. 'वाचनात प्रगती आहे', 'गणितात सराव आवश्यक' वगैरे. याचा मुलांना काय उपयोग? आणि ४६ जणांचं रोज निरीक्षण करायचं तरी कसं?

उत्तर : बाई, तुम्ही हे विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण बहुतेक ठिकाणी हा प्रश्न मनात असूनही कोणी बोलत नाही. रोज ४६ जणांचं निरीक्षण करूच नका. रोज पाच मुलं ठरवून घ्या, नऊ-दहा दिवसांत सगळा वर्ग होतो, परत पहिल्यापासून सुरू.

आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात पहिली-दुसरीला आकारिकला, म्हणजे शिकता शिकता केलेल्या मूल्यमापनाला, ७० टक्के आणि संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, ३० टक्के भार ठेवला, मग वर जाताना आकारिकचा वाटा कमी होत गेला, पाचवीला निम्मा-निम्मा आणि सातवी-आठवीला ४०-६०. म्हणजे लहान वयात शिकता शिकता बघण्यालाच जास्त महत्त्व दिलंय. पण झालं काय, आकारिक म्हणजे पण मार्कांचाच एक रकाना झाला, तोंडी काम दहापैकी आठ, प्रकल्प दहापैकी नऊ, आणि तो भरला की काम संपलं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या मूल्यमापनाने तुमचा उद्याचा तास बदलत नाही ते आकारिक नाही, मग त्याला नाव काहीही द्या.

अपूर्णांकांचंच घ्या. तास संपताना एकच प्रश्न चिठ्ठीवर द्या, १/३ मोठा की १/४, आणि का ते चित्र काढून दाखव. पाच मिनिटं लागतात. चिठ्ठ्या स्टाफरूममध्ये नेऊन तीन गठ्ठे करा : उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण चुकलेलं, आणि १/४ मोठा म्हणणारे. तिसऱ्या गठ्ठ्यातली मुलं 'ढ' नाहीत हो, ४ हा ३ पेक्षा मोठा हे त्यांना पक्कं माहीत आहे आणि तोच नियम ती इथे लावतायत, त्यांना सारख्या लांबीच्या कागदाच्या पट्ट्या घड्या घालायला दिल्या की स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मला जास्त काळजी दुसऱ्या गठ्ठ्याची वाटते कारण नुसते मार्क दिले असते तर ही मुलं पूर्ण गुण घेऊन पुढे गेली असती आणि पुढे कधीतरी अचानक अडली असती, तेव्हा कारण शोधायला कोणी बसत नाही.

आता नोंद बघा : 'छेद सारखा असेल तर तुलना जमते, अंश सारखा असला की मोठ्या छेदाचा अपूर्णांक मोठा म्हणतो, पट्ट्या दिल्यावर स्वतः दुरुस्त केलं.' ही कुठल्याच पुस्तिकेत सापडणार नाही. आणि पुढच्या वर्षी सहावीच्या सरांनी वाचली तर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कामाची आहे. दर मुलामागे अशा दोन-तीन नोंदी मिळाल्या तरी बास, पानं भरायची गरज नाही.

प्रश्न : मी कोथरूडला आठवीला विज्ञान शिकवतो, नवीनच लागलोय. वार्षिक नियोजन करताना पुस्तकातले धडे महिन्यांत वाटून टाकले. सीनिअर म्हणाले चालतंय, पण मला समाधान वाटत नाही.

उत्तर : सर, ते वेळापत्रक झालं, नियोजन अजून व्हायचंय. राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ मध्ये जे मांडलं ते आजही उपयोगी पडतं : मुलांना काय यायला हवं, त्यासाठी कुठले अनुभव द्यायचे, ते कुठल्या क्रमाने, आणि ते आलं की नाही हे कसं बघायचं. मी यातला शेवटचा प्रश्न दुसऱ्या नंबरला घेते. 'बल व दाब' घ्या. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलांना काय यायला हवं त्याची यादी, वाचा आणि धडा शिकवायच्या आधी प्रश्न लिहून ठेवा. 'दाबाची व्याख्या लिहा' याने पाठांतर कळतं. 'खडकवासल्यासारख्या धरणाची भिंत तळाशी जास्त रुंद का बांधतात?' याने द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो हे समजलंय का ते कळतं. हा प्रश्न आधी लिहिलात की तासाला काय करायचं ते आपोआप ठरतं, बाटलीला वर-खाली भोकं पाडून पाण्याची धार बघायची, कुठली लांब जाते, का जाते, मुलांनाच बोलू द्यायचं.

बी.एड.ला संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, केला असेलच, तो परीक्षा झाल्यावर फाईलला लावायला नसतो, पेपर काढायच्या आधी करा. ज्ञान, आकलन, उपयोजन यांत गुण कसे पडतात ते मांडा. ज्ञानातच निम्म्याहून जास्त गेले तर तुम्ही वर्षभर कितीही प्रयोग करा, मुलं पेपर बघूनच अभ्यास करणार आणि गाईडच पाठ करणार.

प्रश्न : सिंहगड रोडला राहतो, मुलगी सहावीत. बाई वहीत लांबलचक शेरा लिहितात पण मार्क देत नाहीत. मग ती कुठे आहे ते कळणार कसं?

उत्तर : तुमची काळजी समजते, पण त्या बाईंना साथ द्या. रूथ बटलर या संशोधक बाईंचा १९८८ मधला, इस्राएलमधल्या साधारण तुमच्या मुलीच्याच वयाच्या मुलांवर केलेला अभ्यास आहे, काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. सत्राच्या शेवटी श्रेणी मिळणारच आहे, तोवर रोज संध्याकाळी मुलीला एवढंच विचारा की बाईंनी काय लिहिलंय आणि त्यातलं तू काय बदललंस, आणि ती दाखवेल ते नीट बसून बघा.