वाचकांचे प्रश्न : रेशनचा चहा आणि भुकटीचे अंडे

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील श्रीमंतांनाही रेशनवर जगावे लागले असे ऐकले. तेथील गृहिणीच्या रोजच्या व्यवहारात त्यामुळे काय बदलले?

उत्तर : बराचसा खाद्यमाल समुद्रमार्गे येणाऱ्या त्या देशात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या होत्या, म्हणून ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी आणि साखर यांवर नियंत्रण आले आणि प्रत्येक घराला एका ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवावे लागले. पैसे असले तरी कुपनाशिवाय हे जिन्नस रीतसर मिळत नसत.

सर्वांत जिव्हारी लागली असेल ती चहाची टंचाई. जुलै १९४० पासून माणशी आठवड्याला अवघा दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम चहा मिळू लागला. आपल्याकडच्या एखाद्या चहाबाज घरात एवढी पूड दोन दिवसही पुरणार नाही. साहजिकच किटलीतल्या त्याच पत्तीवर पुन्हा उकळते पाणी ओतले जाई. ताजे अंडे आठवड्याला साधारण एकच, तेही दुकानात आले असेल तर. त्यामुळे १९४२ पासून अमेरिकेहून आलेली अंड्याची भुकटी पाण्यात कालवून ऑम्लेट केले जाई. बटाटे व भाज्यांवर रेशन नव्हते, त्यामुळे परसातली हिरवळ खणून तेथे वाफे केले गेले.

जून १९४१ पासून कपड्यांनाही कुपने लागली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, युद्धकाळात मोकळा राहिलेला पावही दोन वर्षे रेशनवर गेला, आणि मांसावरचे शेवटचे नियंत्रण उठायला जुलै १९५४ उजाडला.