वाचक विचारतात : पुढे वाढवता येणारा गेमिंग लॅपटॉप

प्रश्न : माझी मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात जात आहे. तिला संगणकावरील खेळांची आवड असल्याने अभ्यास आणि खेळ दोन्हींसाठी चालेल असा लॅपटॉप घ्यायचा आहे. आमची मर्यादा एक लाख रुपयांची असून तो चार वर्षे तरी पुरावा, अशी अपेक्षा आहे. दुकानदाराने जवळपास सारख्याच किमतीचे दोन लॅपटॉप दाखवले. पहिल्यात ३२ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), १ टीबी एसएसडी (साठवणुकीची जागा) आणि ६ जीबी मेमरीचे आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड आहे. दुसऱ्यात १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि ८ जीबी मेमरीचे आरटीएक्स ४०६० आहे. ‘पहिलाच घ्या, तो फुल्ली अपग्रेडेबल आहे, पुढेमागे ग्राफिक्स कार्डसुद्धा बदलता येईल,’ असे दुकानदाराचे म्हणणे आहे. त्यावर विश्वास ठेवावा का?
– एक पालक, सांगली

उत्तर : ग्राफिक्स कार्डाविषयीच्या त्या विधानावर मुळीच विश्वास ठेवू नये. लॅपटॉपमध्ये ‘कार्ड’ हा शब्द केवळ सवयीने वापरला जातो. प्रत्यक्षात ती मदरबोर्डवर कायमची सोल्डर केलेली चिप असते आणि तिची मेमरीही तिच्या भोवतीच सोल्डर केलेली असते. काढता-घालता येणारी कार्डे लॅपटॉपमध्ये कधी नव्हतीच असे नाही. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २००४ साली एमएक्सएम नावाची तशी पद्धत आणली होती. परंतु लॅपटॉप पातळ होत गेले, प्रत्येक उत्पादकाची उष्णता बाहेर टाकण्याची रचना वेगळी राहिली, आणि सर्वसामान्य ग्राहकांच्या लॅपटॉपमधून ती पद्धत जवळजवळ नाहीशी झाली. अलीकडे अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने २०२४ साली ग्राहकांच्या हाती दिलेल्या १६ इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग मागून सरकवून बदलण्याची सोय आहे. हा सन्माननीय अपवाद सोडला, तर आपल्याकडील दुकानांत या किमतीत मिळणाऱ्या लॅपटॉपचे ग्राफिक्स बदलायचे म्हणजे अख्खा मदरबोर्डच बदलावा लागतो, आणि तो व्यवहार कोणालाही परवडत नाही. प्रोसेसरचीही तीच गत आहे, आणि पडदा बदलता येत असला तरी सहसा तो तुटल्यावरच बदलला जातो.

तेव्हा ‘अपग्रेडेबल’ या शब्दाचा गेमिंग लॅपटॉपपुरता अर्थ रॅम आणि एसएसडी वाढवता येणे एवढाच घ्यावा. एकदा हे मान्य केले की आपल्यापुढची निवड सोपी होते : जे पुढे बदलता येणार नाही त्यावर आज पैसे घालावेत आणि जे बदलता येते ते आज कमी असले तरी चालवून घ्यावे. या न्यायाने मी दुसरा, म्हणजे ८ जीबी ग्राफिक्सचा लॅपटॉप घ्यावा असे सुचवीन. अलीकडच्या अनेक मोठ्या खेळांत चित्रांचा दर्जा थोडा वाढवला की ग्राफिक्सची ६ जीबी मेमरी भरून जाते, खेळ अडखळू लागतो, आणि तेव्हा पहिल्या लॅपटॉपमधील ३२ जीबी रॅम ती उणीव भरून काढू शकत नाही.

मात्र दुसरा लॅपटॉप घेण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी, कारण नाव सारखे असले तरी माल सारखा नसतो. पहिली गोष्ट विजेची. आरटीएक्स ४०६० ही एकच चिप उत्पादकाच्या मर्जीप्रमाणे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालवली जाते आणि वरच्या व खालच्या टोकांमध्ये वेगाचा फरक मोठा असतो. कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलात ‘टीजीपी’ या नावाखाली हा आकडा बहुधा दिलेला असतो. तो १०० वॅटच्या आसपास किंवा वर असावा. दुकानात हा आकडा कोणालाच माहीत नसेल, तर सोबतचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून पाहावा. तो २३० वॅटच्या घरात असेल तर चिपला पुरेशी वीज मिळत असण्याची शक्यता बरीच असते.

दुसरी गोष्ट रॅमची, आणि येथे घाई करणारे फसतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते आणि तेथे वाढीचा प्रश्नच संपतो. दुकानात मांडलेला लॅपटॉप सुरू करून विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’मधील ‘मेमरी’वर जावे आणि खालच्या दोन ओळी वाचाव्यात. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘सोडिम’ लिहिलेले असेल तर रॅम काढता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती सोल्डर केलेली आहे. ‘स्लॉट्स यूझ्ड’समोर दोनांपैकी एक असे दिसले, तर १६ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) असून दुसरा स्लॉट रिकामा आहे, जी आपल्या दृष्टीने उत्तम स्थिती होय. दोन्ही स्लॉट ८-८ जीबीने भरलेले असतील, तर पुढे ३२ जीबी करताना त्या दोन्ही स्टिक काढून ठेवाव्या लागतील.

एकच स्टिक असेपर्यंत मेमरीचा मार्ग निम्म्या रुंदीचा राहतो आणि काही खेळांत त्याचा परिणाम दिसतो. ‘डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) आहे, म्हणजे एकाच स्टिकमध्ये ड्युअल चॅनेल (दुहेरी मार्ग),’ असे उत्तर यावर दुकानात हमखास मिळते. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये दोन उपमार्ग असतात हे खरे. पण ते ३२-३२ बिटांचे असल्याने बेरीज ६४ बिटांचीच होते, आणि १२८ बिटांसाठी दुसरी स्टिक लागतेच.

एरवी मी ‘रॅम वर्षभराने घ्या, स्वस्त होईल,’ असे लिहिले असते. २०२५ च्या उत्तरार्धापासून मात्र एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि त्यांच्यामागोमाग एसएसडीचेही. त्यामुळे पहिल्या लॅपटॉपमधील जादा १६ जीबी आज पूर्वीपेक्षा मोलाची आहे, हे मान्य करायला हवे. तरीही माझे मत बदलत नाही, कारण महाग रॅम निदान विकत तरी मिळते. १६ जीबीवर पहिली दोन वर्षे निभावतील. एसएसडीची गरज आधी भासेल : बाल्डर्स गेट ३ या एकाच खेळासाठी १५० जीबी जागा सांगितली आहे, आणि ५१२ मधून विंडोज व अभ्यासाची सॉफ्टवेअर वजा केल्यावर असे दोनच खेळ मावतात. म्हणून एसएसडी बसवण्याचा ‘एम.२’ हा स्लॉट आणखी एक आहे का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. झाकण उघडल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो, याचे उत्तरही कंपनीच्या ग्राहक सेवेकडून ई-मेलवर लेखी घ्यावे. दुकानदाराचा तोंडी शब्द वॉरंटीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

प्रश्न : माझ्याकडे थंडरबोल्ट ४ (बाहेरची उपकरणे वेगाने जोडण्याचे पोर्ट) असलेला पातळ लॅपटॉप आहे. नवा गेमिंग लॅपटॉप घेण्याऐवजी त्याला बाहेरून डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड जोडावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जोडता येते, परंतु हिशेब सहसा जुळत नाही. थंडरबोल्ट ४ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिट असून त्यातील साधारण ३२ गिगाबिटच ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येतात. डेस्कटॉपमध्ये त्याच कार्डाला याच्या कितीतरी पट रुंद वाट मिळते. कार्ड, त्याची पेटी आणि वीजपुरवठ्याचा संच यांची एकत्रित किंमत पाहिली, तर त्यात थोडी भर घालून साधा डेस्कटॉप उभा राहतो. तरीही हाच मार्ग धरायचा असेल, तर मॉनिटर थेट बाहेरच्या कार्डालाच जोडावा, म्हणजे तयार चित्र त्याच अरुंद वाटेने लॅपटॉपच्या पडद्यावर परत आणावे लागत नाही.

प्रश्न : २०१९ चा जीटीएक्स १६५० ग्राफिक्स असलेला लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क. त्यावर खर्च करण्यात अर्थ आहे का?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : थोडाच करावा. विंडोज आणि नेहमीचे खेळ हार्ड डिस्कवरून एसएसडीवर हलवल्यास सर्वाधिक फरक जाणवेल. मात्र आपला एम.२ स्लॉट वेगवान एनव्हीएमई प्रकारची एसएसडी स्वीकारतो की फक्त जुन्या साटा प्रकारची, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी पाहावे. रॅमची ८ जीबीची आणखी एक स्टिक घालावी. ती डीडीआर४ चीच हवी, कारण डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती त्या स्लॉटमध्ये बसतच नाही. शक्य असल्यास जुनी वापरलेली स्टिक घ्यावी, आणि झाकण उघडलेलेच आहे तर पंख्यात साचलेली धूळही त्याच वेळी काढून घ्यावी. तेव्हा अ‍ॅडॉप्टर काढलेला आणि बॅटरीची वायर सोडवलेली असावी.