वाचक विचारतात : शहाळ्याचे पाणी आणि जुलाब

प्रश्न : आमच्या घरी उन्हाळ्यात कोणाला जुलाब झाले की सासूबाई ओआरएसऐवजी शहाळ्याचे पाणी देतात. ते पुरेसे असते का? शिवाय पाणी संपल्यावर उरलेल्या जाड टरफलांचा काही उपयोग करता येईल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : साध्या उन्हाच्या थकव्यावर शहाळे उत्तम आहे, जुलाबावर ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. शहाळ्याच्या 100 ग्रॅम पाण्यात पोटॅशियम साधारण 250 मिलिग्रॅम असते, सोडियम मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. जुलाबात शरीरातून पाण्याबरोबर सोडियमही मोठ्या प्रमाणात निघून जाते, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तयार केलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये 2.6 ग्रॅम मीठ आणि ते आतड्यातून शोषले जावे यासाठी 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. तेव्हा आधी ओआरएस द्यावे. सासूबाईंचे शहाळे त्याच्या जोडीला चालेल. रुग्ण लहान मूल असेल, लघवी कमी होत असेल किंवा ग्लानी येत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्तातील पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळे पिऊ नये. जळगावच्या केळ्यांबाबत हे पथ्य अनेकांना ठाऊक असते, पण मोठ्या शहाळ्यातून एका केळ्याहून अधिक पोटॅशियम पोटात जाऊ शकते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

गाडीवाला ‘पाणीवाला की मलाईवाला’ असे विचारतो, तो फरक वयाचा आहे. सहा-सात महिन्यांच्या फळात पाणी भरपूर आणि गोड असते, पुढे मलाई घट्ट होत जाते आणि अकरा-बारा महिन्यांनी पक्का नारळ तयार होतो. आपण काळ्या मसाल्यासाठी विस्तवावर भाजतो त्या सुक्या खोबऱ्यात 60 टक्क्यांहून अधिक तेल असते, तर पाण्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो. त्यामुळे खोबरे जपून खाण्याचा सल्ला मिळालेल्यांनी पाणी त्याच हिशेबात धरू नये. (कानबाईच्या उत्सवात देवीच्या रूपात पूजला जाणारा नारळ अर्थातच या हिशेबाबाहेरचा!)

टरफले फेकू नयेत. पक्क्या नारळाच्या सालीपासून काथ्या निघतो आणि करवंटीपासून पाणी शुद्ध करणारा सक्रिय कोळसा बनतो, परंतु ही कामे कारखान्याची आहेत. घरच्या घरी करण्याजोगा उपाय म्हणजे टरफलांचे तुकडे करून ते उन्हात वाळवावेत आणि लिंबाच्या किंवा आंब्याच्या आळ्यात, खोडापासून थोडे अंतर ठेवून, पालथे पसरावेत. त्यामुळे जमिनीतील ओल टिकते. तुकडे जमिनीत पुरायचे असल्यास मात्र खोलगट बाजू वर ठेवावी, म्हणजे तिच्यात पाणी साठून राहते. ओली टरफले अंगणात तशीच पडू दिली आणि त्यांत पावसाचे पाणी साचले, तर डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते, म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे.